पुदिना, शेप आणि जिरं

बाय, तू पाठवलेली यादी सावकाश वाचली. मीरा रोडच्या तुझ्या प्रार्थनासभेत खऱ्या विश्वासणाऱ्यानं काय पाळायचं ते सांगितलंय. टिकली नको, मंगळसूत्र नको, वेलंकनी मातेचा फोटो भिंतीवरून काढायचा, शेजारच्या काकूंचा मोदक घ्यायचा नाही, आगेराच्या सणाला गावी जायचं नाही, प्रार्थनेत डोकं झाकायचं, पगाराचा दहावा भाग द्यायचा. इकडे उत्तनजवळच्या डोंगरीला आईची यादी वेगळीच. जपमाळ चुकवायची नाही, शुक्रवारी मटण नाही, नोव्हेना अर्धवट सोडायची नाही, बाळाचा बाप्तिस्मा आता आणखी लांबवायचा नाही. दोन्हीकडचे म्हणतात, देवाची आज्ञा आहे. आणि तू मला रात्री विचारतेस, ताई, आजच्या काळात यातलं नेमकं पाळायचं काय?

सगळ्याचं बोलू. पण आधी ते, जे तू यादीच्या शेवटी घाबरत घाबरत लिहिलंस. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या थांबवून ‘विश्वासानं बघा’ असं कुणीतरी सुचवलंय म्हणे. बाय, गोळ्या थांबवायच्या नाहीत. यात चर्चा नाही. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे, ते खरं. औषध टाकून द्या असं तिथं कुठंही नाही. पौलाच्या सोबत फिरणारा लूक वैद्य होता, आणि पौल त्याचा उल्लेख तसाच मायेनं करतो. त्याच पौलानं तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. उपास कर म्हणजे बरं वाटेल असं नाही सांगितलं. आपल्या कॅथलिक बायबलात बेन सिराच्या पुस्तकात तर वैद्याला मान द्या, औषधं देवानंच मातीतून उगवलीत, असा मोठा भाग आहे. पण ते पुस्तक तुझ्या सभेच्या बायबलात नसतं, म्हणून तिथं वाद घालायची वेळ आलीच तर लूकचंच नाव घे. आणि कुणी पुन्हा गोळ्यांचा विषय काढला, तर पर्स उचलायची आणि घरी यायचं.

आता बाकीचं निवांत.

तू तिकडे जातेस म्हणून मी रागावलेली नाही. आपल्या घरात ‘ती बिलिव्हर झाली’ हे ज्या सुरात म्हणतात तो सूर मला आवडत नाही. तुझं सिझेरियन झालं तेव्हा डबा कुणी आणला? त्या सभेतल्या बायकांनी. आपल्या धर्मग्रामातल्या किती जणींना तू कुठल्या बिल्डिंगमध्ये राहतेस हेसुद्धा ठाऊक होतं? गावात मिस्सा सुटली की अर्धा तास अंगणात गप्पा चालतात, कोण आजारी, कोणाचं पोर नापास, सगळं तिथंच कळतं. सातव्या मजल्यावर हे कुठलं? माणसं मायेपोटी जातात आणि मग मायेबरोबर नियमही घेऊन येतात. माया ठेव. नियम मात्र एकेक करून तपास.

आणि हे तपासणं म्हणजे श्रद्धा कमी असणं नव्हे, हे आधी मनातून काढ. ख्रिस्ती मंडळीचं पहिलं मोठं भांडण याच प्रश्नावर झालं. येशूनंतर वीसेक वर्षांनी यरुशलेमात प्रेषित एकत्र बसले, ते प्रेषितांच्या कृत्यांत पंधराव्या अध्यायात वाच. यहुदी नसलेले लोक ख्रिस्ताकडे येऊ लागले होते. त्यांनी सुंता करायची का, मोशेचं सगळं नियमशास्त्र पाळायचं का? खूप वादावादी झाली आणि ठरलं की नाही, एवढं ओझं त्यांच्यावर टाकायचं नाही. चार गोष्टी तेवढ्या टाळा. ते यहुदी नसलेले म्हणजे आपण, बाय. नाहीतर लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाप्रमाणे पर आणि खवले नसलेलं पाण्यातलं काहीही खायला बंदी आहे. कोळंबी गेली, चिंबोरी गेली, शिंपल्या गेल्या. उत्तनच्या बंदरावर हा अध्याय मोठ्यानं वाचून दाखवायची हिंमत तुझ्या पास्टरांनी करून बघावी! तो अध्याय ते सोडतात, बरोबरच सोडतात. पण मग ‘बायबलमध्ये लिहिलंय म्हणून’ एवढं एकच कारण कुठल्याही नियमाला पुरत नाही, हेही त्यांनी मान्य करावं.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? सगळी शिकवण एका पायरीवर नसते, ख्रिस्तावरच्या श्रद्धेच्या गाभ्याशी काही गोष्टींचं नातं जवळचं असतं, काहींचं लांबचं. हे माझं शहाणपण नाही, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये लिहून ठेवलंय. आईला मात्र सगळंच गाभ्यातलं वाटतं. डोकं झाकायचंच घे. पौलानं करिंथच्या बायकांना सांगितलं, चर्चनं १९१७ च्या कायद्यात तो नियमच केला. आजी डोक्यावरून पांढरं घेतल्याशिवाय चर्चची पायरी चढत नसे. १९८३ मध्ये नवा कायदा आला, त्यात तो नियम नाहीच. कुणाला प्रार्थनेत पदर घेतल्यावर मन लागतं, तर घ्यावा. मलाही कधी कधी घ्यावासा वाटतो. पण घेतला नाही म्हणून देव ऐकणार नाही, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस.

शुक्रवारचं तर विचारूच नकोस. मटण-चिकन वर्ज्य, मासे चालतात. ज्या देशांत मासे गरिबांचं खाणं होतं तिथं हे ठीक होतं. आपल्याकडे प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी लोक मटणाचा त्याग करून पापलेट तळतात आणि पापलेटचा भाव मटणाच्या वर असतो. पोप पॉल सहावे यांनी १९६६ मध्येच म्हटलं होतं की प्रायश्चित्ताचं मूळ मनात आहे, आणि जिथं योग्य वाटेल तिथं बिशपांनी उपासाऐवजी दानधर्म, सेवा असं काही ठरवावं. आणि चर्चच्या कायद्यात उपासाची सक्ती अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंतच आहे. हे मी आईला सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच पाखंडी! तिनं करावा उपास, तिला त्यात देव भेटतो. तुझ्यावर अंगावरचं बाळ असताना लादू नये, एवढंच.

मोदकाचं जरा अवघड आहे, तिथं मी तुला खोटा दिलासा देणार नाही. यरुशलेमच्या त्या चार गोष्टींत मूर्तीला वाहिलेलं अन्न टाळा हीसुद्धा एक होती. मग करिंथमध्ये तोच प्रश्न आला, कारण तिथल्या बाजारात बरंचसं मांस देवळातूनच यायचं. पौलाचं उत्तर वाचलंस तर लक्षात येईल की तो एका वाक्यात मोकळा होत नाही. मूर्ती काहीच नाही, म्हणून अन्नाचं काही बिघडत नाही. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, चौकशा करू नका. पण हे वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, आणि तुमच्या खाण्यानं दुसऱ्याचं मन दुखावणार असेल, तर खाऊ नका. म्हणजे तुझ्या सभेतल्या ज्या बाईला मोदक घेणं जड जातं, तिच्यापाशीही आधार आहे. तिला हसू नकोस. आणि तू घेतलास तर तिनं तुझा न्याय करू नये. रोमकरांच्या पत्राचा चौदावा अध्याय सगळा याच विषयावर आहे. मी स्वतः घेते. शेजारच्या काकू दारात ताट घेऊन उभ्या असतात तेव्हा त्या माझा धर्म तपासायला आलेल्या नसतात. नाताळला त्यांच्याकडे कुलकुल जातात, त्या डब्याची वाट त्यांची नातवंडं बघतात. त्यांना ‘नको’ म्हणून दार लावण्यानं ख्रिस्ताची कुठली साक्ष होणार आहे, ते मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

मातेच्या फोटोसाठी एक गोष्ट सांगते, ती तुला दोन्हीकडे उपयोगी पडेल. कोरीव मूर्ती करू नका असं दहा आज्ञांत आहे, ते तुला पाठ झालं असेल. पण पुढे रानात साप चावून लोक मरू लागले तेव्हा देवानंच मोशेला पितळेचा साप करून खांबावर टांगायला सांगितलं, त्याकडे बघून लोक वाचले. म्हणजे नुसत्या वस्तूत पाप नव्हतं. मात्र कित्येक पिढ्यांनंतर लोक त्या सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजानं त्याचे तुकडे केले. हा शेवट आईला ऐकव आणि सुरुवात पास्टरांना. आराधना फक्त देवाची, हे कॅथलिक शिकवणीतही अगदी स्पष्ट आहे. आठ सप्टेंबरला उत्तनच्या वेलंकनीला जाणारी एखादी बाई मेणबत्ती लावून मातेशी सौदा करत असेल, नवस फेडला नाही तर कोपेल म्हणून भीत असेल, तर तिला हे समजावून सांगावं लागेल. तुझ्या भिंतीवरचा फोटो आजीनं दिलाय आणि तो पाहिला की तुला हात जोडावेसे वाटतात. असू दे तिथंच.

टिकली-मंगळसूत्रावर बायबल गप्प आहे. पेत्राच्या आणि पौलाच्या पत्रांत सोनं आणि केशभूषा यांवर बोललंय, पण तो रोख मिरवण्यावर आहे, आणि तो रोख मला पटतो, आपल्या लग्नांतलं सोनं बघ. बाकी कपडे, कुंकू, खाणं ही संस्कृती. आगेरा म्हणजे नव्या भाताची कणसं चर्चमध्ये नेऊन देवाचे आभार मानणं. पहिलं पीक देवापुढे आणायला तर अनुवादाच्या पुस्तकातच सांगितलंय. तू पंडिता रमाबाईंचं वाच, बाय. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटिजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परका देश, आश्रय देणाऱ्या सिस्टर्स, पदरी लहान मनोरमा. तरी शाकाहार सोडला नाही, पेहराव सोडला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत चालणार नाही का, असं विचारलं. आणि शिकवणुकीतलं जे बुद्धीला पटेना ते मान्य करायला नकार देताना त्यांनी सिस्टर जेराल्डिनना कळवलं की पुरोहितांचं एक जोखड मानेवरून मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता दुसरं चढवून घेणार नाही. त्या सिस्टर्सना ती कृतघ्न वाटली असेल. पण याच बाईनं पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या मुलींना जवळ केलं आणि उतारवयात हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. प्रश्न विचारल्यानं तिचा ख्रिस्त तिच्यापासून लांब गेला नाही.

पैशाचं. दशांशासाठी मलाखीचं वचन सांगतात, दहावा भाग आणा म्हणजे आकाशाच्या खिडक्या उघडतील असं. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश कुणाला द्यायचा ते आहे, लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा. हा भाग कुणी फलकावर लावत नाही. पौल म्हणतो ज्यानं त्यानं मनात ठरवलं तेवढं द्यावं, कुणाच्या दडपणानं नाही. कॅथलिक चर्चमध्येही चर्चच्या गरजांना हातभार लावायचं कर्तव्य आहे, पण टक्का ठरलेला नाही. आणि येशूचं मत हवं असेल तर मत्तय तेविसावा. परूशी लोक पुदिना, शेप, जिरं यांचासुद्धा दहावा भाग मोजून द्यायचे आणि न्याय, दया, विश्वासूपणा विसरायचे. ते देणं चूक, असं तो म्हणाला नाही. न्याय-दया पाळा आणि देणंही सोडू नका, असा त्याचा बोल आहे. मार्कच्या सातव्यात तर आणखी कडक. आईबापांना द्यायचे पैसे ‘देवाला वाहिले’ म्हणून हात झटकणाऱ्यांवर तो उसळलाय. तेव्हा सासूबाईंच्या तपासण्या, बाळाची लस, घराचा हप्ता हे आधी. उरेल त्यातून दे आणि दिलेलं कुठं जातं ते विचार.

आता माझ्या मनातलं खरं. या दोन्ही याद्या घेऊन मी बसले आणि डोंगरावरचं प्रवचन काढलं, मत्तय पाच ते सात. शत्रूवर प्रेम, भांडलेल्या भावाशी आधी समेट मग अर्पण, दुसऱ्याचा न्याय न करणं, देव आणि पैसा दोघांची चाकरी न करणं, होय तर होय नाही तर नाही. बाय, यातलं एकही तुझ्या यादीत नाही आणि आईच्याही नाही. टिकली दिसते, जपमाळ दिसते, उपास मोजता येतो. क्षमा केली की नाही, हे पास्टरांना कसं दिसणार आणि फादरांना तरी कसं? म्हणून माणसं दिसणारं धरून बसतात. २०२४ च्या जानेवारीत मीरा रोडच्या नया नगरला हिंदू-मुस्लिम तणाव झाला, बुलडोझर फिरले, तेव्हा आपल्याच ख्रिस्ती ग्रुपांवर काय काय फिरत होतं ते तूही पाहिलंस. तीच माणसं रविवारी शांतीचं चिन्ह म्हणून एकमेकांना हात जोडत होती. तसंच कचऱ्याचं. सगळ्या मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या डोंगरावर येतो, गावकरी वर्षानुवर्षं नाक धरून जगतात आणि भांडतात. सृष्टीची काळजी हा श्रद्धेचा भाग आहे असं पोप फ्रान्सिसनी २०१५ मध्ये लिहिलं. त्याच्या कितीतरी आधी खाडीपलीकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले होते. कचरा वेगळा करणं ही शेजाऱ्यावरची प्रीती, असं मी म्हटलं तर आई हसते. तिच्याच गावाला वास येतो, तरी हसते.

तुझ्या सभेतली ती मैत्रीण, जिला नवरा मारतो. तिला ‘नवऱ्याच्या अधीन राहा, हा तुझा क्रूस’ असं सांगितलंय ना? इफिसकरांच्या पत्रात अधीन राहण्याच्या त्या वचनाच्या अगदी आधीचं वचन सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन राहण्याचं आहे. ते वाचलंच जात नाही. येशूनं क्रूस स्वतः उचलला, दुसऱ्या कुणाच्या पाठीवर ठेवून ‘सहन कर’ म्हटलं नाही. कॅथलिक कायद्यातही जोडीदारापासून स्वतःला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा आहे, आणि पोप फ्रान्सिसनी २०१६ मध्ये म्हटलंय की कधी कधी वेगळं होणं नैतिकदृष्ट्या गरजेचंच असतं. देशाचा २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे. तिला माझा नंबर दे. प्रार्थना करूच, पण आधी तिची राहायची सोय बघू.

राहिलं बाळाच्या बाप्तिस्म्याचं. ते तू आणि जावई बसून ठरवा. माझं मत विचारशील तर डोंगरीच्या चर्चमध्ये करावा, कारण पुढे त्याला एक गाव लागेल. पण आईच्या धाकानं नको.

आणि एक विषय, जो ना तुझे पास्टर काढतील ना आपले फादर प्रवचनात. आपल्या घरातल्या काकूची धाकटी मुलगी नगर जिल्ह्यातल्या मुलाशी लग्न करायचं म्हणतेय. मुलगा ख्रिस्ती, शिकलेला, भाईंदरला नोकरीला. घरात पहिला प्रश्न काय आला? ‘ते त्यांच्यातले ना?’ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मिशनच्या काळात ज्यांचे आजे-पणजे ख्रिस्ती झाले, त्यांची जात आपण अजून लक्षात ठेवलीय. आपण कोळी, कुणबी, वाडवळ, सामवेदी करत बसतो ते वेगळंच. ख्रिस्तात यहुदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे गलतीकरांच्या पत्रातलं आपण मिस्सेत वाचतो. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये दलितांसाठी धोरण काढून चर्चच्या आतला जातिभेद कबूल केला, त्याला पाप म्हटलं. काकूला ते कुणी सांगितलेलं नाही. ती शुक्रवारही पाळते आणि नोव्हेनाही.

रविवारी दुपारी मी काकूकडे बोलायला जाणार आहे. ती चिडणार, आई तिची बाजू घेणार. तू बाळाला घेऊन ये. भाईंदरहून उत्तनच्या बसला अकराच्या आत बस, नंतर वेलंकनीच्या बीचला जाणाऱ्यांची गर्दी होते. टिकली लाव नाहीतर लावू नकोस, पण ये, कारण मला तिथं माझ्या बाजूनं बोलणारं कुणीतरी हवंय.